सातव्या ऋषींचे विसर्जन राहिले त्याची हकीकत

॥ श्री ॥

ज्याच्या कृपेने मुक्यास वाचा फुटते आणि वाचाळास विराम सुचतो, त्या मंगलमूर्तीस आरंभी वंदन करतो. (पहिली कृपा मजवर मुबलक झाली आहे. दुसरीची अद्याप वाट पाहत आहे, हे पत्राच्या लांबीवरून आपल्या ध्यानी येईलच.)

वाशी, नवी मुंबई
भाद्रपद वद्य प्रतिपदा, शके १९०६

राजमान्य राजश्री प्राध्यापक वामनराव हुपरीकर, मुक्काम मल्लेश्वरम, बंगलोर, यांसी आपले व्याही त्र्यंबक रामचंद्र आठल्ये यांचा कृतानेक नमस्कार. विनंती विशेष.

डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढल्यापासून आपणांस अक्षर स्वच्छ दिसू लागले, हे वाचून संतोष झाला. म्हणूनच या खेपेस अक्षर बारीक काढले आहे. सौ. विहीणबाईंच्या गुडघ्यास निर्गुडीचा शेक चालू ठेवावा व जिना शक्यतो टाळावा. येथे आम्ही सर्व सुखरूप आहोत. खाडीचा वारा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कारखान्यांचा वास आणि सोसायटीच्या टाकीचे पाणी ही तिन्ही आपापल्या मर्जीने येतात व जातात, आणि आम्ही तिघांचेही आदरातिथ्य करतो. आपली कन्या चि. सौ. सुमेधा आनंदात आहे. आपले जावई चि. जयप्रकाश हे आनंदात असले तरी तसे दिसू देत नाहीत, हा त्यांचा स्वभाव आपणांस ठाऊक आहेच.

आपले श्रावणातील पत्र पोचले. आपल्या-माझ्या नातीची, चि. नंदिनीची, आपल्याच गावच्या संशोधनशाळेत ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करण्यासाठी निवड झाली, ही वार्ता आपणांस कळवताना आपण पेढे वाटाल अशी माझी कल्पना होती. आपण उत्तरादाखल लिहिलेत की, ‘चाळीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवले, त्यातून मला निवृत्तिवेतन आणि खडूच्या धुळीचा दमा एवढेच लाभले. मुलीने त्या वाटेस जाऊ नये. बी.एड. करावे, वेळेवर लग्न करावे, आणि तारे पाहावेसे वाटले तर गच्चीवर जावे.’ हे वाक्य जयप्रकाशने तीन वेळा मोठ्याने वाचले. त्याचे म्हणणे असे की, परक्या गावी मुलगी ठेवायची तर नात्याच्या घरी, वसतिगृहात मुळीच नाही. आणि बंगलोरास नात्याचे घर एकच, तेथून तर नकार आलेला. एवंच नंदिनीचे जाणे आपल्या उंबरठ्यापाशी अडून राहिले. या विषयावर माझे म्हणणे मी शेवटी मांडणार आहे. तत्पूर्वी येथे गणेशोत्सवात जो प्रकार घडला तो सविस्तर सांगणे प्राप्त आहे, कारण त्याचा व या विषयाचा संबंध आहे. (संबंध कोणता, असे मधेच विचारू नये. पुराण सांगणाऱ्यास श्रोत्याने मधे प्रश्न विचारला की फळ श्रोत्याचेच जाते.)

आमच्या सोसायटीचे चिटणीस विलास हे एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत असतात. गतवर्षी त्यांनी गणपतीपुढे थर्माकोलचा हिमालय उभा केला होता, तो पंख्याच्या वाऱ्याने दुसऱ्याच दिवशी आरतीवर कोसळला. यंदा त्यांनी ठरवले की देखावा ज्ञानवर्धक असावा. जगाने ज्यांना मानसन्मान दिले अशा शास्त्रज्ञांची चित्रे गणपतीच्या दोहो बाजूंस लावायची, आणि रोज सायंकाळी मी त्यांची चरित्रे सांगायची. माझ्या पुराणाला अलीकडे श्रोते विरळ झाले होते. (दूरदर्शन नामक नवे पुराण लागल्यापासून माझ्यापुढे दोन वृद्धा, एक निद्रिस्त वृद्ध आणि प्रसादाची वाट पाहणारे मांजर एवढीच सभा उरली होती.) त्यामुळे मी तत्काळ होकार दिला. चरित्रांची माहिती नंदिनीने पुरवायची आणि तिला पुराणाचा घाट मी द्यायचा, अशी वाटणी झाली. कुणी साहित्यिकही घ्यावेत असे सुचवले. परंतु प्रत्येक सभासदाने आपण न वाचलेला लेखक सुचवल्यामुळे तो विषय बैठकीतच मिटला.

आता येथून पुढे दोष माझ्याकडे वळतो. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. सोसायटीतील वडीलधाऱ्या स्त्रिया दरवर्षी माझ्या पौरोहित्याखाली एकत्र पूजा करतात. पाटावर तांदळाच्या राशी घालून त्यावर सात सुपाऱ्या मांडायच्या, त्यांत सप्तर्षींचे आवाहन करायचे आणि शेजारी आठवी सुपारी अरुंधतीची. भिंतीवरची चित्रे पाहता पाहता मला असे स्फुरले की, ज्यांनी तप केले, सत्य पाहिले आणि जे पाहिले ते लोकांच्या हाती दिले, ते ऋषीच होत. मग यंदा पाटावर हेच का नसावेत? प्राचीन सप्तर्षींची मी प्रथम पूजा करून क्षमा मागितली, आणि या मंडळींस त्यांचे प्रतिनिधी म्हणून बसवण्याचे योजले. शास्त्रात यास बाधा नाही. (शास्त्रात यास आधार आहे असे मी म्हणत नाही, बाधा नाही एवढेच म्हणतो.)

सात जण निवडताना मात्र जे घडले ते देवादिकांच्या समुद्रमंथनातही घडले नसावे. मादाम क्युरी या अरुंधती होणार याविषयी कुणाचेही दुमत नव्हते. जगाने दोनदा गौरवलेली स्त्री आणखी कोठे मिळणार? परंतु माझ्या कुटुंबाने, म्हणजे यशोदाबाईंनी, हरकत घेतली की ही बाई सात परपुरुषांच्या पंक्तीत एकटी का बसली आहे, हिचे यजमान कोठे आहेत? तेव्हा क्ष-किरणवाले रॉंटगेन यांना नमस्कार करून उठवले व त्या जागी पिएर क्युरी यांस वसिष्ठ म्हणून बसवले. नंदिनीने सांगितले की, पहिल्या सन्मानाच्या वेळी परीक्षकांच्या मनात नुसत्या पिएर यांचेच नाव होते, आणि त्यांनीच कळवले की हे काम आम्हा दोघांचे आहे, तिला वगळू नये. हे ऐकताच यशोदाबाई म्हणाल्या, ‘‘बघा, वसिष्ठ असा असतो.’’ म्हणताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी पळीतील पाण्याकडे पाहत होतो.

आइनस्टाइन यांच्या जटा पाहून स्त्रियांनी त्यांस एकमुखाने मान्यता दिली. फ्लेमिंग हे रजेवरून परतले तेव्हा न धुतलेल्या तबकडीवर त्यांना बुरशी दिसली व तिच्यातून पेनिसिलीन निघाले, हे मी सांगताच, ‘‘ही गोष्ट सुनांसमोर सांगू नका,’’ अशी सूचना चार बाजूंनी आली. मधुमेहावरील इन्सुलिन शोधणारे बॅंटिंग यांच्या सुपारीपुढे पेढा ठेवावा की नाही, यावर अर्धा तास खल झाला. पण सर्वांत अधिक भक्ती लाभली ती रॉस यांना. डासामुळे हिवताप होतो हे सिद्ध करणारा हा गृहस्थ आपल्याच देशी अल्मोड्यास जन्मला, आणि सिकंदराबादेच्या उकाड्यात वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखा बंद ठेवून सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला, हे तप ऐकून वाशीच्या स्त्रियांचे डोळे पाणावले. वाशीत राहून ज्यांनी संध्याकाळी खिडकी उघडली आहे त्यांनाच या ऋषींचे माहात्म्य कळेल. मी भावनेच्या भरात फलश्रुतीही रचून टाकली की, हे चरित्र जो ऐकेल त्यास डासांची पीडा होणार नाही. त्याच क्षणी चिटणीस विलास यांनी आपल्या मानेवर एक चापट मारली, त्यामुळे फलश्रुतीची आवृत्ती काढता आली नाही.

सहावे ऋषी रामन. आणि सातवे? सातव्या जागेसाठी नंदिनी माझ्यापुढे येऊन बसली. ती सहसा काही मागत नाही. म्हणाली, ‘‘आजोबा, चंद्रशेखर घ्या. गेल्याच वर्षी त्यांना जगातला सगळ्यात मोठा सन्मान मिळाला. एकोणिसाव्या वर्षी बोटीतून शिकायला निघाले, तर डेकवर बसून गणित मांडलं की कुठला तारा शांतपणे विझेल आणि कुठला नाही. मला तेच शिकायचंय.’’ मी म्हटले, हे तर रामन यांचे सख्खे पुतणे; एका पाटावर काका-पुतणे, गोत्र एकच होईल. ती म्हणाली, ‘‘मग त्यांना जरा लांब बसवा.’’ हा निर्णय मला धर्म्य वाटला. ते हयात आहेत, शिकागोस असतात, हेही तिने सांगितले होते. मी विचार केला, ऋषी चिरंजीवच असतात. जिवंत महात्म्याचे आवाहन करण्यात दोष कसला? उलट हयात माणसास मान देण्याची सवय आपल्या लोकांना लागेल. वामनराव, हा युक्तिवाद आजही मला निर्दोष वाटतो. फक्त जिना चढला की तो उतरावाही लागतो, हे माझ्या ध्यानी आले नाही.

पंचमीचा दिवस उजाडला. या दिवशी बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही, हा नियम. वाशीगावच्या चांगुणाबाई, ज्या आम्हांस वर्षभर भाजी देतात व पूजेसही बसतात, त्यांनी बांधावर हाताने लावलेले अळू, माठ, पडवळ आणि सुरण टोपलीभर आणले होते. विलास यांच्या पत्नी जयमाला यांनी शंका काढली की, ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातला गहू चालेल काय, म्हणजे पुऱ्या करता येतील. ट्रॅक्टरला कष्ट होत नाहीत, असे तर्काने मला मान्य करावेसे वाटू लागले होते. एवढ्यात यशोदाबाईंनी निकाल दिला, ‘‘ट्रॅक्टर चिखलात रुतला की ओढायला बैलच लावतात. पुऱ्या नाहीत.’’ न्यायशास्त्राचा मी इतकी वर्षे अभ्यास केला, पण प्रतिपक्षाला उत्तरच उरू नये असा हेतू, म्हणजे युक्तिवादाचे कारण, मला कधी सुचला नाही.

पूजा फार देखणी झाली. सभागृह भरले होते. मी क्युरी दांपत्याच्या प्रयोगशाळेचे गळके छप्पर, रामन यांचा समुद्राच्या निळाईवरील विचार, चंद्रशेखरांची बोट, सर्व यथासांग वर्णिले. नंतर उत्तरपूजा आली. आवाहन केलेल्यांवर अक्षता टाकून ‘स्वस्थानी जावे’ अशी प्रार्थना करायची आणि सुपाऱ्या खाडीत सोडायच्या. मी अक्षता हाती घेतल्या, तोच चांगुणाबाईंनी हात मागे घेतला.

‘‘शास्त्रीबुवा, यो सातवा मानूस जिता हाय नं?’’

मी म्हटले, होय.

‘‘मंग त्याला खारीन कसा बुरवाचा? माज्या हातशी तं नाय होनार.’’

मी अक्षता तबकात परत ठेवल्या. मी समजावू लागलो की, स्वस्थान म्हणजे शिकागो. अक्षता टाकल्या की ते सुखरूप घरी पोचले. सुपारी म्हणजे ते नव्हेत. त्यावर यशोदाबाई म्हणाल्या, ‘‘सकाळी तुम्हीच म्हणालात, आता हे सुपारीत आले. तेव्हा आले आणि आता नव्हेत?’’ विलास यांनी धीर देण्याचा प्रयत्न केला. ‘‘टेन्शन कशाला घेता, काकू? एकच सुपारी आहे. साइडला ठेवून देऊ.’’ त्यावर जयमाला पतीस म्हणाल्या, ‘‘हो का? उद्या तुमच्या नावाची सुपारी करून खाडीत टाकते. बघू साइडला बसता का.’’ तेव्हापासून विलास यांनी धर्मविषयक बोलणे सोडले. शेवटी सहा ऋषी व अरुंधती खाडीवर रवाना झाले, आणि सातवे ऋषी चांदीच्या वाटीत बसून, माझ्या घरी, माझ्या देवघरात मुक्कामास आले.

आता आवाहन झालेल्याचे विसर्जन होत नाही तोवर तो अतिथी. अतिथी म्हटला की नैवेद्य आला. मी मध्यान्ही ताट दाखवले, तर नंदिनी म्हणाली, आत्ता शिकागोत मध्यरात्र उलटली आहे. यशोदाबाईंनी ताट मागे घेतले. झोपल्या माणसास उठवून जेवायला वाढणे त्यांच्या माहेरी कधी घडले नव्हते. ते शाकाहारी आहेत असे नंदिनीने सांगितले, एवढेच काय ते समाधान मिळाले. दोन्ही वेळा जमेनात, म्हणून सायंकाळी त्यांच्या न्याहारीच्या सुमारास साखर व दूध ठेवू लागलो. पुढे, घरात ऋषी असताना मोठ्याने बोलायचे नाही, असा यशोदाबाईंनी नियम केला. त्यानंतर दुसरा नियम झाला की, ऋषींसमोर लेकीला विद्येसाठी ‘नाही’ म्हणायचे नाही. जयप्रकाशने देवघराकडे पाठ करून पाहिले, दार लावून पाहिले. शेवटी त्याला काही बोलायचे असले की तो नंदिनीला जिन्यात बोलावू लागला. जिन्यात आवाज घुमतो. चारही मजले ऐकू लागले. चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी वरून विचारले, ‘‘जयप्रकाश, बाळा, तो म्हातारा ऋषी तुला एवढा भारी पडतो का रे?’’

‘‘आई, ती सुपारी आहे,’’ तो यशोदाबाईंकडे वळून म्हणाला.

‘‘तूच तिच्यावर हळदकुंकू वाहिलंस ना परवा?’’ यशोदाबाई म्हणाल्या. ‘‘मग तेव्हा का नाही सांगितलंस?’’

हा संवाद रोज, थोड्याफार फरकाने, होत राहिला. मला तो ऐकताना, खरे सांगतो, मनातून बरे वाटत असे.

परंतु पुढे पितृपक्ष येत होता. सर्व स्त्रियांस एकाच वेळी धसका बसला. पितरांच्या पंधरवड्यात, गेलेल्यांस पाणी देण्याच्या दिवसांत, जिवंत माणसाची सुपारी देवघरात पूजायची म्हणजे अपशकुनाची परिसीमा. त्या भल्या गृहस्थास तिकडे साधी शिंक आली तरी सोसायटीने स्वतःला दोष दिला असता. सभागृहात पुन्हा बैठक भरली. (पाणीपट्टीच्या बैठकीस गणसंख्या पुरी होत नाही, हिला जिन्यातही माणसे होती.) विसर्जन करता येत नाही, ठेवता येत नाही, मग करावे काय? सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, शास्त्र असे की, ऋषी कोठे राहतो? आश्रमात, आणि आश्रम तेथे, जेथे त्याची विद्या चालते. तेव्हा यांची विद्या जेथे चालते तेथे त्यांना सन्मानाने पोचते करावे. ‘‘म्हणजे कुठं?’’ असे जयमालांनी विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वीच सुमेधा, जी सासऱ्यांसमोर सहसा बोलत नाही, ती सभागृहाच्या दारातून म्हणाली, ‘‘बंगलोरला.’’

पुढचे फार चटकन घडले. कोण नेणार? जयप्रकाशला कचेरीत वारंवार रजा मिळत नाही, आणि रोजची सेवा करायला तेथे कुणी राहायला हवे. यशोदाबाई म्हणाल्या, ज्या मुलीने आणले तीच नेईल. जयप्रकाश म्हणाला, राहणार कोठे? यावर मात्र बैठक पुन्हा माझ्याकडे पाहू लागली, कारण मल्लेश्वरममधून आलेले पत्र सर्वांनी जिन्यातून ऐकलेले होते.

मग मी एक गोष्ट सांगितली, जी नंदिनीने मला त्याच सकाळी सांगितली होती आणि जी आपण कदाचित विसरला असाल. ती पाच वर्षांची असताना आजोळी आली होती. आपण तिला खांद्यावर घेऊन गच्चीवर गेलात, उत्तरेकडे सात तारे मोजून दाखवलेत, आणि म्हणालात, शेपटीतल्या मधल्या ताऱ्याच्या शेजारी एक बारीकशी चांदणी आहे, डोळे चांगले असतील त्यालाच दिसते, वसिष्ठाजवळची अरुंधती. नंदिनीला ती दिसली. आपण तिला विचारलेत, खरंच दिसली की माझं मन राखतेस? ती म्हणाली, दिसली, आणि ती जरा थरथरते. त्यावर आपण म्हणालात, ‘‘आमच्या वर्गात इतकी वर्षं एकानंही हे सांगितलं नाही.’’ वामनराव, चाळीस वर्षांत आपणांस निवृत्तिवेतन आणि दमा एवढेच मिळाले, हा आपला हिशेब मला म्हणूनच मान्य नाही. आपण एक विद्यार्थिनी घडवलीत. ती शाळेत कधी आपल्या वर्गात नव्हती, एवढेच.

हे ऐकून जयप्रकाश उठला आणि गॅलरीत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, ‘‘मी स्वतः घेऊन जातो. त्यांच्या दारात उभं राहून विचारतो. हो म्हणाले तर ठेवतो. नाही म्हणाले तर त्याच दिवशीच्या गाडीनं परत आणतो, आणि मग मात्र कुणी काही बोलायचं नाही. ऋषींनीसुद्धा नाही.’’ आपल्या जावयाचे हे बोलणे मी आजवरच्या त्याच्या सर्व बोलण्यांत उत्तम मानतो.

एकच अडचण उरली. गाडीची जागा मिळाली ती पितृपक्षातली, आणि त्या दिवसांत नव्या कार्यास निघणे वर्ज्य. तेव्हा जुनी रीत उपयोगी आली. शुद्ध एकादशीस सुमुहूर्तावर नंदिनीचा पस्ताना ठेवला. म्हणजे तिच्या वतीने तांदूळ, हळकुंड आणि ती सुपारी पिवळ्या फडक्यात बांधून घराबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली. गाठोडे निघाले की माणूस निघाले, असे शास्त्र मानते. गाठोडे चांगुणाबाईंनी वाशीगावात आपल्या घरी नेले. शाकाहारी ऋषी घरात म्हणून त्यांनी गणपती गेल्यावरही चूल सोवळी ठेवली, आणि खाडीकाठच्या त्या घरात मासळी शिजेना. त्यांचे थोरले चिरंजीव नामा रोज विचारत, ‘‘आये, तुजा ऋषी जानार कवा?’’ चांगुणाबाई उत्तर देत, ‘‘तो जाईल तवा जाईल. तू सुरन खा.’’ असे हे घर, आमचे नात्याचे नसून, नंदिनीच्या विद्येसाठी सुरण खात बसले. नात्याच्या घराने काय करावे हे सुचवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.

तर वामनराव, माझे म्हणणे शेवटी मांडतो असे म्हटले होते. परंतु पाहतो तो कागद संपत आला आहे, आणि म्हणणे बहुधा वाटेतच सांडून गेले. सौ. विहीणबाईंस यशोदाबाईंचा नमस्कार. खोकल्यास ज्येष्ठमध धरावे. कळावे, लोभ आहे तो असाच वाढता राहावा.

आपला व्याही
त्र्यंबक रामचंद्र आठल्ये

ता. क. — नंदिनीच्या पिशवीत पिवळ्या फडक्याचे गाठोडे आहे. सातवे ऋषी त्यात आहेत. त्यांना रोज सायंकाळी चिमूटभर साखर व घोटभर दूध ठेवावे लागते. आपण देवास हात जोडत नाही हे मला ठाऊक आहे. पण हे देव नव्हेत, आपल्याच विषयाचे आहेत. मंत्र येत नसल्यास एखादे सूत्र म्हणावे. ते अधिक समजतील. त्यांनी शंभर वर्षे जगावे आणि आपली सेवेची पाळी लांबत जावी, हीच प्रार्थना.

आणखी ता. क. — रामन यांनी सन्मान जाहीर होण्यापूर्वीच बोटीची तिकिटे काढून ठेवली होती असे म्हणतात. आम्हीही आपला होकार येण्यापूर्वी गाडीची काढली. त्यामुळे हे पत्र टपालाने धाडलेले नाही. ज्या मुलीने ते आपल्या हाती दिले ती अजून दारातच उभी असेल, कारण ‘आजोबांनी वाचून संपवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही’ असे मी तिला बजावले आहे. पत्र एवढे लांबेल हे तेव्हा ध्यानी आले नव्हते. तिच्यामागे ट्रंक धरून उभा आहे तो आपला जावई. रात्रभरच्या प्रवासाने त्याचे तोंड आहे त्याहून रागीट दिसत असेल, पण तो मनातून प्रार्थनाच करत आहे. आपण काय उत्तर द्यावे हे मी सांगत नाही. फक्त ती प्रवासातून आली आहे. तिला आधी पाय धुवायला पाणी द्यावे. एकदा पाय धुतले की माणूस घरातलेच झाले, असे आमचेही शास्त्र आहे आणि विहीणबाईंचेही.

आपल्या घरी हे पत्र जो वाचेल, जो ऐकेल आणि जो दारापर्यंत जाऊन पाणी देईल, त्या सर्वांच्या घरी विद्या सुखाने नांदो, डोळे अखेरपर्यंत स्वच्छ राहोत, आणि त्यांस उत्तरेची ती बारीक चांदणी सदैव दिसत राहो.